दाब, सोड, लागला का?

गाडीला जेवढे दिवे असतात त्यांतला ब्रेक लाइट हा एकच असा, की ज्यानं पैसे मोजून गाडी घेतली त्याला तो लागलेला कधी दिसत नाही. हेडलाइट आपल्याला रस्ता दाखवतो. इंडिकेटर बाहेर डोळा मिचकावतो आणि आत टकटक करून आपल्याकडेही हजेरी लावतो. टेल लाइट निदान रात्री गाडी उभी करून, मागे जाऊन बघता येतो. ब्रेक लाइटचं तसं नाही. तो लागायला पाय ब्रेकवर हवा, आणि पाय ब्रेकवर असलेला माणूस गाडीच्या मागे उभा राहू शकत नाही. चार तोंडांच्या ब्रह्मदेवाला हे कदाचित साधलं असतं, पण त्याचं वाहन हंस. त्याला ना ब्रेक, ना लाइट.

म्हणजे गाडी आपली, बॅटरी आपली, बल्ब आपल्या पैशाचा, आणि उजेड सगळा मागच्याच्या कामाचा. त्या मागच्याची आणि आपली ओळखही नसते. आरशात तो फार जवळ दिसला की आपण त्याला मनातल्या मनात काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरीही दर ब्रेकला आपण त्याला कळवत असतो की बाबा, मी थांबतोय, तूही थांब. रागावलेला माणूससुद्धा हे कळवतो, कारण ते काम तोंडाकडे नाही, पायाकडे आहे.

माझा पुतण्या पिकअप चालवतो. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरायचा, माळशेज उतरायचा आणि कल्याण नाहीतर वाशी गाठायची, हा त्याचा हंगामातला धंदा. टोमॅटो वीस किलोच्या क्रेटमध्ये जातो आणि क्रेटची थप्पी केबिनच्याही वर चढते. हंगाम सरला की कांदा, कोथिंबीर, पशुखाद्य, कुणाच्या लग्नाची भांडी, आणि गणपतीत खुद्द गणपती. गाडीच्या पुढच्या बाजूची निगा बघावी. काचेवर खंडोबा, आरशाला काळा गोंडा, बंपरला दर शनिवारी ताजं लिंबू-मिरची. मागे फाळक्यावर ‘आईचा आशीर्वाद’ हातभर अक्षरांत रंगवलेला, आणि त्याच्या खाली, चिखलाच्या थराआड, दोन दिवे आहेत असं गाडी घेतली त्या दिवशीच्या फोटोवरून समजतं.

मी गाडी चालवत नाही. उभी नोकरी मास्तरकीत आणि सायकलवर गेली. आता कधीमधी क्लीनरच्या जागेवर बसून वाशीपर्यंत जातो, त्याला सोबत आणि मला करमणूक.

डावा ब्रेक लाइट गेल्याची बातमी आळेफाट्याहून ओतूरकडे वळल्यावर एका मोटारसायकलवाल्यानं आणली. मागून हॉर्न वाजवत आला. पुतण्याला वाटलं साइड मागतोय, म्हणून त्यानं मुद्दाम दिली नाही. मग तो गडी कसाबसा केबिनच्या शेजारी आला, हँडलवरचा एक हात सोडून मागे बोट केलं आणि ओरडला, “ओ शेठ, डावा ब्रेक लाइट लागत नाय तुमचा!” आणि गेला पुढे निघून. कोण कुठला, पण एवढं सांगायला त्यानं जीव धोक्यात घातला होता. पुतण्या म्हणाला, “डोक्यावर हेल्मेट नाय, आन आला मला शिकवायला.”

अशी बातमी खोटी ठरवण्याचे ठरलेले टप्पे असतात. आधी, “काल तर लागत होता.” काल तो कुणी पाहिला, हे विचारायचं नसतं. मग, “उन्हात दिसला नसंल त्याला.” आणि शेवटी, “उजवा लागतोय ना, मग बास झालं.”

हा शेवटचा युक्तिवाद ऐकायला बरा आहे, पण श्रावणात माळशेजला धुकं उतरलं की त्याची किंमत कळते. घाटात पुढच्या गाडीचे दोन लाल ठिपके एवढाच काय तो रस्ता उरतो. त्या दोन ठिपक्यांमधल्या अंतरावरून मागचा ड्रायव्हर पुढची गाडी केवढी आणि किती लांब, याचा अंदाज बांधतो. त्यातला एक विझला की पिकअप संपते आणि मोटारसायकल उरते. मोटारसायकलच्या डावीकडून निघून जायला जागा असते, असं तो बिचारा धरून चालतो. ती जागा आमच्या टोमॅटोंनी व्यापलेली असते.

ओतूरला चहासाठी थांबलो तेव्हा पहिला उपचार झाला. तो बुक्कीचा. मी केबिनमध्ये ब्रेक दाबून बसलो आणि पुतण्यानं मागे जाऊन दिव्याला एक ठेवून दिली. दिवा लागला. इथेच घात होतो. पुरता मेलेला दिवा माणूस दुरुस्त तरी करतो. बुक्कीनं लागलेला दिवा तो तसाच वाशीपर्यंत नेतो. वास्तविक बुक्की ही तपासणी आहे, औषध नव्हे. ती लागू पडली याचा अर्थ बल्ब जिवंत आहे, वायर जिवंत आहे, फक्त कुठेतरी काहीतरी ढिलं आहे. पण हे ऐकायला थांबतो कोण? टपरीवरच्या मंडळींची निदानं एव्हाना सुरू झाली होती. एकाच्या मते करंट कमी पडत होता. दुसऱ्यानं बॅटरीचं पाणी बघायला सांगितलं. तिसरा वयानं मोठा होता. त्यानं लिंबू कधी बदललं ते विचारलं.

दिवा लागत नसला की सगळे आधी बल्ब बघतात, कारण बल्ब बघता येतो. पिकअपच्या मागच्या दिव्यात बहुधा एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, एक पाच वॅटची आणि एक एकवीसची. पाचची टेल लाइटला, रात्रभर मंद जळणारी. एकवीसची ब्रेकला. बल्बच्या बुडाशी बाजूला दोन बारीक खुंट्या असतात आणि त्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. ज्यानं कुणी हे केलं त्याला आमच्याकडच्या माणसांच्या मनगटातला जोर ठाऊक नव्हता. जोर लावून बल्ब उलटाही बसवता येतो. मग रात्रभर मागे भगभगीत ब्रेक लाइट आणि ब्रेक दाबला की मिणमिणती पाचची तार, असा उफराटा कारभार चालतो. दोन तारांच्या जागी एका तारेचा बल्ब दडपला तर आणखी मजा. त्याच्या बुडाचा एकुलता एक ठिपका होल्डरमधल्या दोन्ही टोकांना शिवतो, आणि ब्रेक दाबला की टेल लाइट आणि डॅशबोर्डसुद्धा उजळतो.

आमचा बल्ब पुतण्यानं काढला, आभाळाकडे धरून पाहिला, कानाशी हलवला. जळलेल्या बल्बची काच आतून काळवंडते आणि तुटलेली तार कानाशी किणकिणते. यातलं काहीच नव्हतं. दोन्ही तारा शाबूत. तरी त्यानं बल्ब बदलला. बुक्की बसलेलीच होती, म्हणून दिवा लागलाही. कल्याणच्या अलीकडे परत गेला. परतीच्या वाटेवर त्यानं अख्खा दिवाच नवा घेतला, लाल-पिवळ्या काचेसकट. तोही लागेना. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही दोन-दोन संन्याशांना.

मग घरी अंगणात तपासणी. ब्रेक लाइटची तपासणी एकट्यादुकट्याचं काम नाही, हे मी वर म्हटलंच आहे. पण दोघांचं काम आहे असं जे पुस्तकात लिहितात तेही पुरतं खरं नाही. त्याला घर लागतं. पुतण्या केबिनमध्ये. इंजिन चालू, कारण बॅटरीवर त्याचा विश्वास नाही. डिझेलच्या धडधडीत मागचं पुढे ऐकू जात नाही, म्हणून फाळक्याजवळ त्याचा पोरगा, मध्ये निरोप्या म्हणून मी आणि ओट्यावर पंच म्हणून वहिनी.

“दाबलाय! लागला का?”

“लागला!” पोरगा म्हणाला. तो कशालाही लागला म्हणतो. त्याला खेळायला जायचं होतं.

“दोन्ही?”

“दोन्ही म्हंजे? किती लागायचे असतात?”

वहिनी म्हणाल्या, “उजवा लागलाय. डावा नाही.” त्यांचा उजवा कुठला यावर थोडा वेळ गेला. तेवढ्यात ऊन थेट दिव्यावर आलं. ऊन पडलं की लाल प्लास्टिक आपोआप पेटल्यासारखं दिसतं. दिवा लागला असं सगळ्यांचं एकमत झालं, आणि पुतण्या केबिनमधून खाली उतरला तरी तो लागलेलाच होता. मग पोराला अंगठ्याच्या आडोशानं बघायला शिकवलं. “सोड म्हणलं की सोडा ना तुम्ही!” पोरगा बापावर ओरडला. “सोडलाच आहे!” “मग आता दाबा!” अशी बापाला हुकूम सोडण्याची संधी पोराला एरवी मिळत नाही. तो रमला. खेळायला गेलाच नाही.

या सगळ्यातून एक उपयोगी गोष्ट मात्र निघाली, आणि ती पोरानंच पाहिली. टेल लाइट चालू असताना ब्रेक दाबला की डावा टेल लाइट आणखी मंद व्हायचा आणि त्याच्या शेजारच्या इंडिकेटरमध्ये धुगधुगी यायची. इंडिकेटरचा दांडा कुणी हलवलाच नव्हता. “बाबा, ब्रेक मारला की इंडिकेटर लागतोय!” बापाला ते पटेना. गाडीला बाहेरचं काही झालंय का, अशी शंका वहिनींना आली.

ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांना मात्र एवढं वाक्य पुरलं. त्यांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक टपरी, वर पत्रा, खाली जुन्या बॅटऱ्या आणि भिंतीला खिळ्यांवर लटकवलेल्या रंगीत वायरींचे भारे. पुतण्या नवा दिवा, जुना दिवा आणि बल्ब मांडून बसला. चाचांनी त्यातल्या कशालाच हात लावला नाही. “बल्बानं काय घोडं मारलंय तुमचं?” म्हणाले, आणि टेस्ट लॅम्प उचलला. ही त्यांची स्टेथोस्कोपाची जागा चालवणारी वस्तू: कुठल्याशा मोडक्या इंडिकेटरचा होल्डर, त्यात बल्ब, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला दाभण. तेच ते पोती शिवायचं दाभण. चिमटा त्यांनी दिव्याच्या पत्र्याला लावला, दाभण ब्रेकच्या वायरीत टोचलं आणि मला म्हणाले, “मास्तर, दाबा.” दाबला. टेस्ट लॅम्प लागेना. मग त्यांनी चिमट्याला एक लांब वायर जोडून ती थेट बॅटरीच्या मायनसला नेली. दाभण जिथल्या तिथे. “दाबा.” लख्ख लागला.

“करंट येतोय,” चाचा म्हणाले, “परत जायला वाट नाही त्याला.”

वीज दिव्यापर्यंत आली की काम झालं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ती बॅटरीकडे परत जायला हवी, आणि गाडीत परतीची वायर वेगळी ओढलेली नसते. चासीचं लोखंड हीच परतीची वाट. दिव्यापासून एक आखूड काळी वायर निघते आणि एका नटानं चासीला आवळलेली असते. हेच ते अर्थिंग. तो नट गंजला की ब्रेकची वीज मुख्य दार बंद बघून शेजाऱ्यांच्या परसातून निघणाऱ्या पाहुण्यागत इंडिकेटरच्या तारेतून वाट काढते, आणि जाता जाता तिथेही थोडा उजेड पाडते. बाहेरचं वगैरे काही नसतं. बहुतेक वेळा गंज असतो.

पिकअपला हा गंज खास मानवतो. कारचा दिवा डिकीच्या आत जपलेला असतो, मागून हात घालून बघता येतो. पिकअपचा दिवा हौद्याखाली उघड्यावर. वरून फुटलेल्या टोमॅटोचं पाणी, खालून चाकाचा चिखल, आणि धुलाईला नेली की प्रेशरचा फवारा नेमका त्याच्यावरच. चढता-उतरताना हमाल त्याच्या चौकटीवर पाय ठेवतो, कारण पाय ठेवायला दुसरं काही नसतं. भरलेली गाडी खड्ड्यातून गेली की पाटे दबतात, हौदा एकीकडे हलतो, चासी दुसरीकडे, आणि मधली वायर दोघांच्या भांडणात घासत राहते. पशुखाद्याची पोती असली की उंदीर येतात, आणि पोती उतरली तरी उंदीर गाडीतच राहतात. त्यांना वायरीचं आवरण आवडतं. आमच्याकडे त्यावर डांबरगोळ्या ठेवायची पद्धत आहे. उंदरांनी त्याबद्दल आजवर काही तक्रार केलेली नाही.

चाचांनी गाडीखाली पाठीवर सरकून तो नट शोधला. मीही वाकून पाहिला. नट होता असं त्यांनी सांगितलं म्हणून. मला फक्त तांबूस चिखलाचा एक गोळा दिसला. तो त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला, पान्यानं सोडवला, वायरीचं कळकट टोक कापून नवं गोल टोक दाबून बसवलं, चासीचा पत्रा रुपयाएवढा पांढरा होईतो पॉलिश पेपरनं घासला, नट आवळला आणि वर ग्रीस थापलं. दाभणानं वायरीला पडलेल्या भोकावर टेप गुंडाळायला विसरले नाहीत. “हे भोक उघडं ठेवलं की पुढच्या पावसाळ्याला परत माझ्याकडेच,” ते म्हणाले. असा स्वतःच्या धंद्यावर उठलेला कारागीर आता कमी बघायला मिळतो.

दिवा लागला. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा पुतण्याचा चेहरा पडला. रक्कम फार नव्हती. पण बदललं काय? काहीच नाही! घासलं आणि आवळलं. बल्बचे पैसे त्यानं हसत दिले होते, अख्ख्या दिव्याचेही कुरकुर न करता दिले होते, आणि त्या दोन्हींचा काडीचा उपयोग झाला नव्हता. पण वस्तू हातात पडली होती. इथे खोक्यातून काही निघालं नाही. चाचांना हे गिऱ्हाईक नवं नव्हतं. त्यांनी पैसे खिशात टाकले आणि खोक्यातून एक नवा फ्यूज काढून पुतण्याच्या हातावर ठेवला. “राहू दे गाडीत.” पुतण्याचं समाधान झालं.

फ्यूजवरून त्यांनी एक तंबीही दिली. ब्रेक लाइटचा फ्यूज दहा-पंधरा अँपियरचा असतो. तो पुन्हापुन्हा जळत असेल तर कुठेतरी वायर चासीला चिकटलेली असते आणि फ्यूज बिचारा आपलं काम करत असतो. आमची माणसं त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. मग फ्यूज जळत नाही. वायर जळते.

दोन्ही दिवे एकदम गेले तर मात्र मागे जाऊन बुक्क्या मारण्यात अर्थ नाही. दोन बल्ब एकाच मुहूर्तावर जात नाहीत. तेव्हा फ्यूज बघावा आणि मग पेडलच्या वर, टॉर्च घेऊन, मान वाकडी करून. तिथे एक छोटा स्विच असतो, पुढे आलेलं बोंड असलेला. पेडल वर असताना ते बोंड आत दाबलेलं राहतं आणि दिवे बंद असतात. आपण ब्रेक दाबला की पेडल बोंडापासून लांब जातं, बोंड बाहेर येतं आणि दिवे लागतात. म्हणजे आपण स्विच दाबत नसतो, सोडत असतो. आमच्या आळीतल्या एका पिकअपला याचा उलटा आजार झाला. दिवे विझेचनात. चावी काढली, दारं लावली, मालक जेवून झोपला, आणि अंगणात रात्रभर लाल उजेड. एकवीस-एकवीस वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर साडेतीन अँपियर ओढतात; सकाळी बॅटरी ढिम्म. मालकानं बॅटरीवाल्याशी भांडण काढलं. खरा प्रकार पायपुसण्यावर पडला होता. बोंड जिथे टेकतं तिथे पेडलला प्लास्टिकचं एक बटण असतं. ते जुनं होऊन तुटलं होतं, त्याचे चुरे खाली पडले होते, आणि बोंड त्याच्या भोकातून आरपार बाहेर आलं होतं. गाडीच्या दृष्टीनं मालकाचा पाय रात्रभर ब्रेकवरच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. चुरे झाडून टाकायच्या आधी बघितले असते तर भांडण वाचलं असतं.

ही मागच्याची काळजी पहिल्यांदा कुणाला सुचली याची एक गोष्ट सांगतात. फ्लोरेन्स लॉरेन्स ही मूकपटांच्या काळातली अमेरिकेतली नटी. तिला मोटारींचं वेड. १९१४च्या सुमारास तिनं आपल्या गाडीला अशी युक्ती केली की ब्रेक दाबला की मागे ‘थांबा’ अशी पाटी उभी राहायची. तिनं पेटंट घेतलं नाही, म्हणून पैसाही मिळाला नाही. हे नटीला सुचावं यात मला नवल वाटत नाही. यात्रांच्या हंगामाआधी नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. आपल्याकडे कोण कुठून बघतंय याचं भान कसं असतं, ते तिथल्या कुणालाही विचारावं. आपल्याकडे पुष्कळ वर्षं ही पाटी म्हणजे ड्रायव्हरचा हात होता. खिडकीबाहेर काढायचा, तळवा खाली, वरखाली हलवायचा. तो इशारा नियमात अजून आहे. रस्त्यावर आता तो हात मोबाइल धरतो.

मधला तिसरा ब्रेक लाइट पुष्कळ पुढचा. जॉन वोएव्होडस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॅक्सींना मागे मध्यभागी एक जादा दिवा लावून पाहिला. १९७४ मध्ये तो प्रयोग छापून आला. दिवा लावलेल्या टॅक्सींना मागून धडका कमी बसल्या. अमेरिकेत १९८६च्या मॉडेलपासून कारना तो सक्तीचा झाला. पिकअपना १९९४पर्यंत थांबावं लागलं. पिकअपच्या मागच्या बाजूची आठवण सगळ्यांना उशिराच येते, तिकडे काय आणि इकडे काय.

पुतण्याला मात्र आता एलईडीचं वेड लागलंय. एका गोष्टीत ते बरं आहे. साध्या बल्बची तार तापून लाल-पांढरी व्हायला एलईडीपेक्षा सेकंदाचा पाचवा हिस्सा जास्त लागतो. ताशी ६० किलोमीटरनं येणारी मागची गाडी तेवढ्या वेळात तीन मीटरहून जास्त पुढे सरकते. पण बाजारातली एलईडी नुसती लागत नाही, ती नाचते. ब्रेक दाबला की लाल, मग निळी, मग दोन्ही, आणि मागच्याला कळत नाही की पुढे गाडी थांबतेय की वरात चाललीय. मोटार वाहन नियमांत ब्रेकचा दिवा लाल सांगितलाय. एवढा रंग पाळला तरी पुष्कळ झालं.

पासिंगच्या दिवशी मात्र सगळं पाळलं जातं. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेसला न्यावी लागते, आणि त्या सकाळी तालुक्यातल्या यच्चयावत पिकअपचे सगळे दिवे लागतात. कुणाचा बल्ब कुणाच्या गाडीत असतो ते विचारू नये. दुपारी ज्याचे त्याला परत जातात.

पण एरवी ब्रेक लाइट तपासायला आमच्या अंगणातल्यासारखी जत्रा जमवायची गरज नाही. एकट्यानं तपासायचं तर संध्याकाळी गाडी भिंतीला पाठ करून लावा आणि ब्रेक दाबून आरशात बघा. भिंतीवर डावीकडे आणि उजवीकडे सारखी लाली पडली पाहिजे. भिंत नसेल तर सीट आणि पेडल यांच्यामध्ये एक काठी अडकवा आणि आपल्या पायांनी मागे जाऊन बघून या. येताना काठी काढायची आठवण ठेवा. आणि नारायणगाव बायपासला टोमॅटोनं भरलेली, फाळक्यावर ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलेली एखादी पिकअप पुढे दिसली, डावा दिवा लागत नसला, तर कृपा करून मागून हॉर्न वाजवू नका. आम्हाला वाटतं, साइड मागताय. पुढे थांबेल तिथे गाठा आणि सांगा. पुतण्या तुम्हाला काहीतरी बोलेल. तिकडे दुर्लक्ष करा.